माझं पाचारण आणि येडशीची माकडं

देवानं आपल्याला कशासाठी निर्माण केलं, हे मला पन्नाशी उलटेपर्यंत कळलं नव्हतं. मार्थाला, म्हणजे माझ्या बायकोला, ते लग्नानंतर लगेचच कळलं होतं. पण ती सांगायची ते काम (दळण आणणं) मला काही पाचारण, म्हणजे देवाची हाक, वाटत नव्हतं.

येडशीत माझं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. जळालेली मोटार खोलायची, नवी तार भरायची, परत द्यायची, इतकं सरळ आयुष्य. त्यात आमच्या चर्चच्या मंडळीला नवे पाळकसाहेब आले. वयानं तरुण, आवाज खणखणीत. पहिल्याच उपदेशात त्यांनी सांगितलं की मंडळी म्हणजे एक शरीर आणि आपण प्रत्येक जण त्याचा एकेक अवयव. झालं, माझी झोप उडाली. मार्था मंडळीचा हात होती, कारण शंभर माणसांचा स्वयंपाक तीच पेलायची. तिचा भाऊ शमुवेल पेटी वाजवून गायचा, म्हणजे तो गळा. मग मी कोण? पुष्कळ विचार केल्यावर वाटलं, आपण बहुधा अपेंडिक्स. असून उपयोग नाही, आणि दुखलं तरच लक्षात येणार.

मी शोधाला लागलो. आधी गायनात शिरलो. दुसऱ्याच गीताला शमुवेल माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "दाजी, तुमी नुसतं तोंड हालवा. देवाला कळतंय." मग संडे स्कूल घेतलं. दावीदानं गोफणीच्या दगडानं गल्याथ राक्षस पाडला, ती गोष्ट मी इतकी रंगवून सांगितली, की पोरांनी घरी जाऊन गोफणी वळल्या आणि पुढच्या रविवारी चर्चच्या ट्यूबलाईटचा गल्याथ झाला. त्यानंतर पाळकसाहेबांनी मला प्रेमानं बसायला सांगितलं. कुठंही, पण बसायला.

आता उरली होती प्रार्थना. तेवढ्यात आमच्या घराचा वरचा मजला पूर्ण झाला आणि देवाचे आभार मानायला गच्चीवर उपकारस्तुतीची सभा ठरली. मी पाळकसाहेबांना गाठलं आणि मुख्य प्रार्थना मला द्या म्हणून हट्टच धरला. ते म्हणाले, ही चांगली झाली तर घरोघरच्या सभांची प्रार्थना तुमच्याकडे देतो. नाही झाली, तर मात्र बंधू, हा नाद सोडा. म्हणजे ही शेवटची संधी होती. मी आठवडाभर दुकानात शटर अर्धं ओढून जळक्या मोटारींपुढे सराव केला. मार्थानं एवढंच बजावलं, "अहो, थोडक्यात आटपा. भाकरी वातड व्हतील."

सभेच्या दिवशी गच्ची भरली. अणदूरहून सासूबाई आल्या. कठड्याजवळच्या बाजेवर भाकऱ्यांची चवड, बुंदीचे लाडू, केळ्यांचे घड, आणि शेजारी मटणाच्या रश्श्याचं पातेलं. आमच्याकडे पद्धत अशी, की जेवण आधी मांडायचं, त्यावर प्रार्थना करायची, आणि आमेन होईपर्यंत ना झाकण उघडायचं ना डोळे. प्रार्थनेत कुणी डोळे उघडले अशी तक्रारसुद्धा कुणी करत नाही, कारण लगेच विचारतात, तुला कसं कळलं?

मी डोळे मिटले आणि जगाच्या उत्पत्तीपासून सुरुवात केली. नोहापर्यंत पोचलो तेव्हा मागं खुसफुस झाली. मला वाटलं, मंडळी हेलावली. अब्राहामाला एक ताट खणकन पडलं. मी आवाज चढवला. मोशेच्या सुमारास पेटीतून एक लांबलचक सूर निघाला. मला वाटलं, शमुवेल साथ देतोय. (शमुवेल तेव्हा पेटीपासून चार हात लांब, हात जोडून उभा होता.) मग सासूबाई एकदम "हाड, हाड" म्हणाल्या. त्या सैतानाला धमकावतायत असं समजून मीही जोरात म्हणालो, "व्हय प्रभू, हाड कर त्याला!"

इतक्यात कुणीतरी माझा सदरा ओढला. हळूच, पण ठामपणे. माझ्या अंगावर काटा आला. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते पाचारण आलं, असं वाटून मी डोळे उघडले. समोर एक थोराड माकड बसलं होतं, हातात लाडू. त्याच्यामागं गावाजवळच्या रामलिंगच्या जंगलातलं अख्खं बिऱ्हाड जेवायला बसलं होतं. आणि त्यांच्याभोवती आमची मंडळी, माना खाली, डोळे घट्ट मिटलेले.

मी घाबरून "आमेन" म्हणालो. ती चूक झाली. सगळ्या मंडळीनं सवयीनं एका दमात असं काही "आमेन" म्हटलं, की माकडं बिथरली. बाज उलटली, पातेलं कलंडलं. रस्सा गच्चीच्या पाइपातून खाली उतरला आणि गल्लीतल्या कुत्र्यांनी तिथं आपली वेगळी उपकारस्तुती केली.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. घर आपलं, पाहुणे आपले, प्रार्थनाही आपली, आणि खायला घातलं माकडांना. पाळकसाहेबांनी शांतपणे विचारलं, "खरं सांगा, माकडं कुणी कुणी पाहिली होती?"

सासूबाईंनी आधी हात वर केला. "जावईबापू, पयलं माकड आलं तवाच म्या बघितलं. पण परार्थना मोडावी कशी?" मग शमुवेलनं हात वर केला, मग मार्थानं, मग एकेक करत सगळ्या गच्चीनं, आणि सगळ्यात शेवटी खुद्द पाळकसाहेबांनी. आणि मग जे हसू फुटलं ते आवरेना. सासूबाईंना तर पाठ चोळून पाणी पाजावं लागलं. मार्थानं मुगाची खिचडी टाकली, शेजारच्या काकूंनी भाकरी आणि शेंगाचटणी आणली, आणि इतकं गोड जेवण मी जन्मात जेवलो नाही.

निकाल मात्र लागला होता. पाळकसाहेब म्हणाले, "बंधू, यापुढं सभेत तुम्ही प्रार्थना करायची नाही. डोळे उघडे ठेवून जेवणाजवळ उभं राहायचं."

मला तो अपमान वाटला. पुढच्या सभेला मी काठी घेऊन तोंड पाडून उभा राहिलो. सगळ्यांनी डोळे मिटले आणि मी आयुष्यात पहिल्यांदा प्रार्थना करणारी माणसं पाहिली. योहानकाका, जे भेटल्यावर नेहमी "मजेत हाय" म्हणायचे, ते आवाज न करता रडत होते. त्यांची बायको नुकतीच गेली होती. कोपऱ्यात त्या घरची सून चक्कर येऊन उभ्या उभ्या झोकांड्या खात होती. मी तिच्यामागं हळूच खुर्ची सरकवली आणि लिंबूपाणी आणून दिलं. जेवताना योहानकाकांच्या शेजारी बसलो. ते बोलत राहिले, मी ऐकत राहिलो. उठताना त्यांनी माझा हात बराच वेळ सोडला नाही. त्या दिवशी मला इतका आनंद झाला, की दळणाचा डबा न सांगता उचलला. इतकी वर्षं मी मंडळीचं तोंड व्हायला धडपडत होतो आणि देवानं मला केलं होतं डोळा.

आता मला ईटपर्यंतच्या गावांतून सभेची बोलावणी येतात. परवा एकाच रविवारी दोन आली, तेव्हा मी मार्थाला जरा तोऱ्यातच म्हणालो, "बघ, माझ्या सेवेची किती गरज आहे लोकांना."

मार्था भाकरी थापता थापता म्हणाली, "व्हय तर. तुमी राखणीला उभं ऱ्हायलात, की परार्थना दुसरं कुणीतरी करतंय."