तेच ते प्रश्न

बाबांचा उभा जन्म औषधाच्या दुकानात काउंटरमागे गेला. "मेंदूसाठी काही चांगलं आहे का हो?" असं कुणी विचारलं की ते बाटली फिरवून मागचा बारीक मजकूर आधी वाचायचे आणि म्हणायचे, "लिहिलंय भारी. गुण येईल याची हमी माझ्याकडे मागू नका." मालक कपाळावर हात मारून घ्यायचा.

मग आई विसरायला लागली आणि याच माणसाने घरात ब्राह्मी, गिंको, अश्वगंधा, हळदीचा अर्क अशी बाटल्यांची रांग लावली. डॉक्टर म्हणाले होते, "हवं तर द्या, एका वेळी एकच. पण फार आशा ठेवू नका." बाबांना शेवटचं वाक्य ऐकूच आलं नाही.

एक बाटली संपली की दुसरी. संध्याकाळच्या चहानंतर तेच प्रश्न, त्याच क्रमाने. आपल्या पहिल्या घराच्या दाराचा रंग कोणता? धाकट्या बहिणीला काय हाक मारतेस? लेक काय काम करते? "प्रश्न बदलले तर तुलना कसली?" असं मला ठणकावून सांगायचे. मी शिवणाच्या कारखान्यातून मान मोडून येणार, भांडी घासणार आणि वर हा तमाशा बघणार. मला त्या बाटल्यांचा वीट आला होता.

ब्राह्मीच्या वेळी आई अडखळायची. गिंको सुरू झालं आणि हळूहळू उत्तरं धडाधड यायला लागली. बाबांचा चेहरा इतका खुलला की मलाही बोलवेना.

"सापडलं गं," ते म्हणाले. "आता हेच चालू ठेवायचं."

पण मला राहवलं नाही. एकदा म्हटलं, "बाबा, आज शेवटून विचारा."

त्यांनी हसत विचारलं, "लेक काय काम करते?"

"हिरवा," आई म्हणाली.

बाबांच्या हातातला कप तसाच राहिला. मला माझीच जीभ हासडावीशी वाटली. आई आमच्या तोंडाकडे बघून ओशाळली.

"चुकलं का? तुम्ही खूश होता ना, म्हणून उत्तरं ओळीने मनात म्हणत असते मी. पहिल्यापासून विचारा, येईल मला."

बाबांनी कप खाली ठेवला, खुर्ची तिच्याजवळ ओढली आणि पहिल्यापासून विचारायला सुरुवात केली.