पाद्रीबुवांचं मृत्युपत्र

शिकागोजवळच्या शॉमबर्गला लेकीकडे येऊन तीन आठवडे झाले आणि मला घर खायला उठलं. त्यामुळे शेजारच्या डॉरथीबाईंनी "उद्या शिकागोच्या लायब्ररीत येतेस?" असं विचारताच मी कशाला हे न विचारता हो म्हणून टाकलं.

"आई, दिवसभर लायब्ररीत? बोअर होशील यार," लेक म्हणाली. मी जन्मभर शाळेत इतिहास शिकवला आहे. मी इतरांना बोअर करते, स्वतः होत नाही.

ट्रेनमध्ये बाईंनी मांडीवरची फाइल उघडली. त्यांच्या यजमानांनी निवृत्तीनंतर आपल्या घराण्याचा मूळपुरुष शोधून काढला होता, सोळाव्या शतकातल्या ट्यूडर राजांच्या काळातला, इंग्लंडमधल्या एका खेड्यातला पाद्री. गडी मोठा मजेदार. एका राजाने पाद्र्यांना लग्नाची मुभा दिली, याने लगेच लग्न केलं. पुढच्या राणीने बायकोवाल्या पाद्र्यांना घरी बसवलं, त्यात हाही गेला. तिच्यानंतरची राणी आली तेव्हा बुवा पुन्हा कामावर हजर!

पण घोडं अडलं होतं शेवटी. मृत्युपत्र ऑक्टोबरातलं आणि दफनाची नोंद त्याच सालच्या जानेवारीतली. नातेवाईक म्हणाले, मेलेला माणूस मृत्युपत्र कसं करेल? ही माणसं दोन, तुमचा मूळपुरुष खोटा. यजमानांनी त्या पानावर पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढलं आणि गेल्या हिवाळ्यात ते वारले.

"रविवारी नातीला ही फाइल द्यायची आहे," बाई म्हणाल्या. "आजोबांची मेहनत फुकट गेली असं सांगून नाही गं द्यायची."

लायब्ररीच्या दारातच माझं पेन गेलं, पर्स गेली आणि पर्समधली थालीपिठंही कपाटात बंद झाली. आत फक्त पेन्सिल चालते. यजमानांकडे नोंदींचे टाइप केलेले उतारे तेवढे होते; इथे मायक्रोफिल्मवर (जुन्या वहीच्या फोटोंचं रीळ) अख्खी वही होती. बाई ते गिचमिड अक्षर लावत बसल्या. मला त्यातले महिने तेवढे कळत होते, म्हणून मी महिनेच बघत गेले. ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी, आणि साल तेच! मार्च संपता संपता कुठे नवं साल आलं.

"डॉरथी, यांचं वर्ष आमच्या पाडव्यासारखं आहे!" मी ओरडलेच. चार टेबलांवरून माना वळल्या. मग मी हळू आवाजात सांगितलं, "आमचं नवं वर्ष चैत्रात लागतं, म्हणजे मार्च-एप्रिलात. त्या हिशोबाने जानेवारी ऑक्टोबरच्या नंतर येतो. बुवांनी आधी मृत्युपत्र केलं आणि तीन महिन्यांनी ते गेले."

"बरोबर," आवाज ऐकून आलेल्या ग्रंथपालबाई म्हणाल्या. "तेव्हा इंग्लंडात वर्ष पंचवीस मार्चला बदलायचं. नवखे लोक इथे हमखास फसतात. पण जरा हळू बोला."

डॉरथीबाई एकाच वेळी हसत आणि रडत होत्या. बाहेर पायऱ्यांवर बोचऱ्या वाऱ्यात त्यांनी गार थालीपिठं खाल्ली, एक नव्हे, तीन. माझ्या वाट्याला अर्धं आलं.

परतीच्या गाडीत मी विचार करत होते. मुलांकडून इतक्या सनावळ्या घोकून घेतल्या, पण साल मुळात सुरू कधी होतं हे एकालाही विचारलं नव्हतं. इथे तर त्यावर एका माणसाची सगळी मेहनत टांगली होती.

मी खोडरबर पुढे केलं. "पुसून टाका आता ते प्रश्नचिन्ह."

बाईंनी पानावर हात ठेवला. "नको. ते त्याच्या हातचं आहे."

मग माझीच पेन्सिल घेऊन त्यांनी खाली सावकाश लिहिलं, 'माणूस एकच. तुझं बरोबर होतं.'