लाईट गेली, गेम चालूच होता

मी हिंगोलीतल्या एका शाळेत विज्ञान शिकवते. ऑफ तासाला पोरं भुताखेतांच्या गोष्टी काढतात, तेव्हा मी एकच विचारते — "तू स्वतः पाहिलंस, की कुणी सांगितलं?" बहुतेक गोष्टी तिथंच आटोपतात. कुणाच्या तरी मामाच्या मित्राने पाहिलेलं असतं.

हाच प्रश्न मला कुणी विचारला तर मात्र पंचाईत आहे. कारण मी पाहिलंय. भरदुपारी, शुद्धीत, आणि एकटीने नाही. म्हणूनच इतकी वर्षं लिहायचं टाळत होते. आमचं घर बौद्ध. करणी, भानामती, अंगात येणं असलं काही बाबांनी घरात बोलूसुद्धा दिलं नाही. मीही कधी मानलं नाही, आजही मानत नाही. पण जे झालं ते झालं. जसं आठवतंय तसं सांगते.

हिंगोली जिल्हा होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. आम्ही कळमनुरीत राहत होतो, नांदेड रोडपासून आत गेलं की एक गल्ली होती, तिथं भाड्याच्या घरात. पुढं ओसरी, मग बैठकीची खोली, मागं स्वयंपाकघर. मीटर ओसरीत, दाराच्या डाव्या अंगाला. बाबा वायरमन होते. मी सातवीत. माझा मोठा भाऊ मिलिंद एकोणीस-वीसचा असेल.

बाबा आणि मिलिंद बोलत नव्हते. आठ महिने.

कारण असं… बाबांचे जोडीदार होते, गौतमकाका. दोघं कायम एका सायकलवर फिरायचे, एकाच डब्यात जेवायचे. एक दिवस काका खांबावर चढले ते जिवंत उतरले नाहीत. मिलिंद तेव्हा शाळेतून येत होता, गर्दी दिसली म्हणून थांबला. त्याने सगळं पाहिलं. पुढं बारावी झाल्यावर बाबांनी ओळखीने त्याला लाईनच्या कामाला लावायचं ठरवलं, तेव्हा तो म्हणाला, "मला न्हाई चढायचं खांबावर. तुमी चढा."

ते "तुमी चढा" बाबांना फार लागलं. "ज्या खांबावर चढून तुला खाऊ घातलं, त्याला नावं ठेवून राहिला का?" एवढंच बोलले. दुसऱ्या दिवशी मिलिंद पुण्याला निघून गेला, कुठल्याशा कारखान्यात कामाला लागला. पत्र आलं तर मायच्या नावाने यायचं. त्यात बाबांचा ब सुद्धा नसायचा.

दिवाळीच्या आधी एक दिवस बाबा मला म्हणाले, "चल, नांदेडला जाऊन येऊ." मला वाटलं कपडे घ्यायला. एसटीतून उतरलो तर बाबा मला थेट इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या ओळीत घेऊन गेले. एका दुकानदाराने काचेवर खोका ठेवला — टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम. पिवळी कॅसेट, दोन रिमोट, एक अडॅप्टर. कॅसेटवर नव्व्याण्णव हजार की किती तरी गेम लिहिलेले. (प्रत्यक्षात सतराच होते, तेच तेच फिरून यायचे.)

"दोनो रिमोट चलते ना बराबर?" बाबांनी तीनदा विचारलं. दुकानदाराने लावून दाखवलं. तरी बाबा म्हणाले, "दूसरा फिर से दिखाओ."

मी येताना एसटीत खोका मांडीवरून खाली ठेवला नाही. मला वाटत होतं, माझ्यासाठीच घेतलाय. आता कळतं ते वेगळं. गावात पूर्वी एक व्हिडिओ गेमचं पार्लर होतं. मिलिंद तिथं जाऊन बसायचा, आणि एकदा बाबांनी त्याला सगळ्यांसमोर कानाला धरून घरी आणला होता. याबद्दल त्या दिवशी बाबा काही बोलले नाहीत. मीही विचारलं नाही. तेरा वर्षांच्या पोरीच्या डोक्यात कुठं येतं ते!

मिलिंद आला, पण स्वतःहून नाही. हट्टा गावच्या आत्याने त्याला निरोप धाडला होता — "यंदा भाऊबीजेला तू नसलास तर मीबी येणार न्हाई." आमच्याकडं लक्ष्मीपूजन नसायचं, पण शाळेला सुट्ट्या असायच्या, करंज्या व्हायच्या, आणि आत्या बाबांना ओवाळायला यायचीच. तिच्यासाठी तो आला. चार दिवस घरात बाप-लेक एकमेकांच्या बाजूने असे जायचे, जसं मध्ये कुणी उभंच नाही. बोलायचं असलं की मी. "सुजे, बाबाला म्हणाव पाणी तापलं." बाबा तिथंच दोन हातांवर बसलेले. मग बाबा मला म्हणायचे, "त्याला म्हण, आधी तू कर आंघोळ."

मिलिंदने खोका पाहिला, उघडला. जोडूनही त्यानेच दिला. टीव्हीची पिन आणि गेमच्या अडॅप्टरची पिन, दोन्ही एकाच एक्स्टेन्शन बोर्डात. हे लक्षात ठेवा.

भाऊबीजेची दुपार. जेवणं झाली होती. मिलिंदची दुसऱ्या दिवशी सकाळची गाडी होती, त्याची बॅग भरून दारामागं ठेवलेली. मी आणि तो रणगाड्यांचा गेम खेळत होतो. त्यात दोघांनी मिळून लढायचं असतं — खाली मधोमध आपलं ठाणं, चहूबाजूंनी शत्रूचे रणगाडे येतात, ठाणं फुटलं की दोघंही हरले. बाबा मागं खाटेवर पेपर घेऊन बसलेले. पेपरचं पान काही उलटत नव्हतं.

मायने आतून हाक मारली, "सुजे, करंज्या भरू लाग मला."

गेम ऐन रंगात होता. मी रिमोट बाबांच्या हातात कोंबला. "पाच मिनिटं धरा फक्त, आलेच." आणि पळाले.

आत माय आणि आत्या बसल्या होत्या. माय वैतागलेली होती. म्हणाली, "मिक्सर बिघडलं वाटतं. बटन दाबून राहिले, फिरतच न्हाई." मग तिने उरलेलं खोबरं पाट्यावर वाटलं. तेव्हा आम्ही त्याचा काही अर्थ लावला नाही. थंडीचे दिवस, पंखा बंद, भरदुपार असल्याने बल्बही बंद. आणि बाहेरच्या खोलीतून गेमचा आवाज येतच होता — टुक टुक टुक.

आवाजात मध्येच मिलिंदचा आवाज आला. "उजवीकडं… अहो, उजवीकडं!"

आमचे हात थांबले. आठ महिन्यांनंतरचे पहिले शब्द होते ते.

"कोनता उजवा? माझा का त्याचा?"

"तुमचा! ठाण्यावर काहून गोळी मारून राहिले? आपलंच हाय ते!"

"मग तसं सांग ना आधी."

आत्याने तोंडावर पदर धरला. माय हसली नाही. ती कढईकडं पाहत बसली आणि मला खुणेने म्हणाली, जाऊ नको बाहेर.

पाच मिनिटांचा दीड तास झाला. आम्ही आत करंज्या तळत होतो आणि बाहेर ती दोघं हरायची, पुन्हा सुरू करायची. हळूहळू गेमशिवायचं बोलणंही येऊ लागलं. पुण्यात खोलीवर किती जण राहता, जेवणाची तकलीफ होते का, मशीनवर हात सांभाळून. मग बराच वेळ नुसती टुक टुक. आणि मग बाबा म्हणाले — मी दाराशी उभी होते, मला स्वच्छ ऐकू आलं — "गौतम गेला त्याच्यानंतर मलाबी भ्याव वाटते चढायला. रोज वाटते. कोनाला सांगू?"

मिलिंदने टीव्हीवरची नजर काढली नाही. पण त्याचा रणगाडा जागच्या जागी थांबला होता.

तेवढ्यात दारात मुनीरचाचा. शेजारी त्यांचं टेलरिंगचं दुकान होतं, मोटारीवरच्या दोन मशिनी होत्या. "वायरमनसाब, त्योहार के दिन तो रहम करो. दो बजे से लाईट नहीं है. लोग कपडे के वास्ते खडे हैं."

बाबा म्हणाले, "लाईट तो है चाचा. ये देखो, टीवी चालू है."

मुनीरचाचांनी टीव्हीकडं पाहिलं, मग बाहेर गल्लीकडं, मग पुन्हा टीव्हीकडं. "आपके अकेले के घर में है क्या?"

भिंतीवरच्या घड्याळात साडेतीन वाजून गेले होते. मी जवळच्या बटनावर हात नेला. बल्ब लागला नाही. पंख्याचं बटन दाबलं. काही नाही. आतून माय म्हणाली, "म्हणजे मिक्सर बिघडलं न्हाई तर…"

बाबा उठले. खिशातून टेस्टर काढला. तो त्यांच्या खिशात कायम असायचा. भिंतीच्या सॉकेटमध्ये लावला, त्यातला दिवा लागला नाही. मग त्याच एक्स्टेन्शन बोर्डाच्या तिसऱ्या, रिकाम्या सॉकेटमध्ये लावला. टेस्टर लागला नाही. शेजारच्या दोन सॉकेटमध्ये टीव्ही आणि गेम. समोर रणगाडे फिरतायत.

बाबा ओसरीत गेले, आम्ही मागोमाग. मीटरची चकती थांबलेली. त्यांनी मेनचा फ्यूज ओढून काढला आणि तो हातात धरून दारात आले. खोलीत टुक टुक टुक.

मुनीरचाचांनी ओठातल्या ओठात काहीतरी म्हटलं. आत्या मायच्या दंडाला धरून उभी. मला भीती वाटली का? खरं सांगायचं तर तेव्हा नाही. मला पाहायचं होतं. मी म्हणाले, "बाबा, पिन काढून बघा ना. पिन काढल्यावरबी चालतो का बघू."

बाबांनी माझ्याकडं पाहिलं. मग मिलिंदकडं. तो एकटा जागेवरून उठला नव्हता. रिमोट हातात, मान खाली.

"न्हाई," बाबा म्हणाले. "राहू दे."

फ्यूज शर्टाच्या खिशात टाकला. मुनीरचाचांना म्हणाले, "फोन करके पूछता हूँ, थोडी देर में." आणि मिलिंदच्या शेजारी मांडी घालून बसले. "कोनाचा डाव हाय?"

वीस-पंचवीस मिनिटं ती दोघं खेळली. मुनीरचाचा दुकान सोडून उंबऱ्यात टेकले. आत्याने ताटात गरम करंज्या आणल्या. कुणी लाईटचा विषय काढला नाही. सगळे असे बसले होते, जसं जोरात बोललं तर काहीतरी बिथरेल.

मग गल्लीत पोरांनी गिल्ला केला — "आली! आली!" चाचांच्या दुकानातला दिवा लागला.

आणि आमचा टीव्ही बंद पडला. साहजिकच, फ्यूज बाबांच्या खिशात होता.

बाबांनी तो जाऊन लावला. सगळं सुरू झालं, मिक्सरही फिरला. गेम पहिल्यापासून आला. मिलिंद म्हणाला, "बस आता," आणि वायरी गुंडाळू लागला. दुसऱ्या दिवशी बाबा त्याला सोडायला स्टँडवर गेले. नंतर दर रविवारी आमच्या समोरच्या एसटीडीवर पुण्याचा फोन यायचा आणि चाचा हाक मारायचे. मिलिंद पुण्यातच राहिला, पुढं स्वतःचं वर्कशॉप काढलं. खांबावर चढला नाही आणि बाबांनी पुन्हा कधी म्हटलं नाही.

मी पुढं फिजिक्स घेऊन शिकले. या गोष्टीसाठी घेतलं असं नाही, पण ती डोक्यात होतीच. जे सुचलं ते सगळं तपासलं. अडॅप्टरमध्ये साठलेली वीज? ती क्षणभराची. शेजारच्या कुणाच्या जनरेटरचा उलटा करंट? मग बल्बही लागला असता, टेस्टरही लागला असता. फ्यूज काढल्यावर तर प्रश्नच मिटतो. इन्व्हर्टर आमच्या घरात नव्हता. एका सहकाऱ्याने सुचवलं, तुम्हाला सगळ्यांना मिळून भास झाला. पाच माणसांना, आणि सहाव्या शेजाऱ्याला? बाबांना तर मी कितीदा विचारलं. ते म्हणायचे, "करंट कुठून येते, कुठं जाते, जल्मभर तेच केलं मी. त्या दिवशीचं मला ठाऊक न्हाई. खोटं कशाला सांगू?"

बाबा जाऊन तीन वर्षं झाली. तेव्हा पुण्यानुमोदनाचा, म्हणजे आमच्याकडचा श्रद्धांजलीचा, कार्यक्रम उरकल्यावर पाहुणे पांगले, आणि मी, मिलिंद, माय अशी तिघंच बसलो होतो. मी पुन्हा तोच विषय काढला. टेस्टर, मीटर, फ्यूज. मिलिंद म्हणाला,

"सुजे, मला दोन वाजताच कळलं होतं. बोर्डावरचा लाल दिवा विझला ते मी पाहिलं. बोललो न्हाई. बाबा नुकतेच रिमोट घेऊन बसले होते, बोललो असतो तर ड्यूटी म्हणून उठून गेले असते."

पावणेदोन तास हा माणूस माहीत असून खेळत होता!

तेव्हा माय सहज बोलावं तशी म्हणाली, "अन् त्यायला कळलं नसल व्हय? झोपेत जरी असले तरी लाईट गेली की उठून बसायचे ते."

टीव्ही कशावर चालला, हे मला आजही सांगता येत नाही. कुणाला सांगता येत असेल तर जरूर सांगा, मी मनापासून ऐकेन. पण अलीकडं मी तो प्रश्न कमी विचारते. मला ते दोघं दिसतात, एकमेकांपासून लपवून बसलेले — लाईट गेलीय हे दोघांनाही ठाऊक, आणि दोघांनाही वाटतंय, याला कळता कामा नये.