टोकाच्या घराचं पाणी

स्वस्त वस्तू दिसली की मला भीतीच वाटते. महाग असली तर निदान कशाला घाबरायचं ते तरी कळतं. त्यामुळे अक्कलकोट रोडच्या बाजूचं ते घर शेजारच्या घरांपेक्षा एवढ्या कमी किमतीत मिळतंय म्हटल्यावर आनंद व्हायचा सोडून माझी झोपच उडाली.

एका ओळीत सहा घरं. बिल्डर एकच, नकाशा एकच, स्वयंपाकघराची खिडकीसुद्धा सगळीकडे एकाच जागी. त्यातलं एक गेल्या वर्षी माझ्या ऑफिसातल्या मित्राने घेतलं होतं, त्यामुळे त्याने किती मोजले ते मला पक्कं ठाऊक. आणि हे टोकाचं घर त्याच्यापेक्षा बरंच खाली. का? एजंट म्हणाला, "मालक एकटे हायत, लेकीकडं अकलूजला जायची घाई हाय. तुमचं नशीब म्हणा की साहेब!" नशिबावर माझा काडीचा विश्वास नाही.

मग काय, खेपांवर खेपा. भिंतींवर टिचक्या मारल्या, गच्चीवर ओल शोधली, कागद वकिलाला दाखवले. मित्राच्या घरी जाऊन त्याच्या फरशा, त्याचा गिलावा, त्याची दारं ताडून पाहिली. पाण्याचं विचारलं तर म्हणाला, "एकदम मस्त, वरची टाकी भरून वाहते." कशातच फरक सापडेना, आणि सापडेना म्हणून धास्ती वाढत चालली. बायको म्हणाली, "अहो, मुलगी बघायला आल्यासारखं काय चालवलंय? आता घराला तेवढं चालून दाखव म्हणायचं राहिलंय."

थट्टा करत होती, पण जीव तिचाच टांगणीला लागला होता. शुक्रवार पेठेत आम्ही दुसऱ्या मजल्यावर भाड्याने राहतो. नळाला पाणी येतं चार-पाच दिवसांतून एकदा, आणि ते वर चढत नाही. घागरी वर नेऊन नेऊन तिची कंबर कामातून गेली. मागच्या वर्षी ऑपरेशन झालं. आता वजन उचललंत तर कायमच्या अंथरुणाला खिळाल, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं. तेव्हापासून पाणी मी भरतो. पण मी फिरतीवर गेलो की ती गुपचूप कळशी उचलते हे मला माहीत आहे, आणि परगावी लॉजवर पडल्या पडल्या मला तेवढंच दिसत राहतं. मला संगमरवर नको होता, बाग नको होती. हौदात आपोआप पडणारं पाणी हवं होतं, बस्स.

म्हणून शेवटची खेप मुद्दाम तिकडच्या पाण्याच्या दिवशी केली, दोघांनी मिळून. त्या घराच्या मालकांना आम्ही एव्हाना काका म्हणायला लागलो होतो. काकांनी अंगणातला नळ सोडला आणि पाणी असं धो धो आलं की तेच दचकून मागे सरले. "आरं तिच्या! बघा की! लई जोर हाय आज!" आणि हौदात वाकून बघतच राहिले. बायकोच्या चेहऱ्यावर कित्येक महिन्यांनी असं हसू दिसलं. तिने मला कोपराने ढोसलं. म्हणजे पुरे झालं आता, इसार देऊन टाका.

देणारच होतो. पण म्हटलं, आलोच आहोत तर मित्राकडे डोकावून येऊ. त्याच्या घरात शिरलो आणि बघतो तर त्याची बायको भरलेली बादली घेऊन जिना चढतेय. नळाला मोटर जोडलेली, पण तिची वायर काढून गुंडाळून ठेवलेली.

"मोटर बिघडली काय रे?"

तो माझ्याकडे बघेना. मी सोडतोय होय? शेवटी बोलला. ओळीतले सगळे नळाला थेट मोटर लावून पाणी ओढतात, टोकाला थेंब पोचत नाही. म्हातारा रोज भांडतो, महापालिकेत अर्ज देतो. आज गिऱ्हाईक येणार म्हणून सगळ्यांनी ठरवून मोटरी बंद ठेवल्या होत्या. "त्यांचं घर विकलं जाऊ दे म्हणून रे. त्यांना काही माहीत नाही."

"आणि मी? माझ्या बायकोची कंबर तुला माहीत नाही?" मी ओरडलोच. त्याने मान खाली घातली. वर तिसऱ्यांदा बादली ओतल्याचा आवाज आला.

परत येताना स्कूटरवर बायको मागून एवढंच म्हणाली, "नको. आपण राहायला आल्यावर मोटरी चालू होणारच की." मला रडावंसं वाटलं, खरं सांगतो.

घरी पोचतो तोच काकांचा फोन. मी काहीतरी थाप मारायला लागलो, घर दक्षिणमुखी आहे, आमच्या सासूबाईंना चालत नाही वगैरे. काका म्हणाले, "आजून कमी करतो की. तुमी बोला तरी." माझी ततपप झालेली बघून बायकोने फोन हातातून काढून घेतला, स्पीकरवर लावला आणि सरळ सगळं सांगून टाकलं. मी तिला खुणा करत होतो, पण ती थांबली नाही.

मग काका म्हणाले, "सगळ्यांनी बंद ठिवल्या? माझ्यासाठी व्हय?"

"हो काका."

"का मी हितनं जावं म्हणून?"

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मला काय ठाऊक! मित्र मान खाली घालून बसला होता तेव्हा हे विचारायचं मला सुचलंच नव्हतं. तिने विचारलं, "हौद भरला का तुमचा?"

"भरला की," काका म्हणाले. "हितं राहायला आल्यापास्नं आज पयल्यांदा भरला."