म्हाळसाबाईंचे कोपरे

म्हाळसा कोकरे लहान होती तेव्हापासून तिची आई दगडाबाई म्हणायची, "ह्या पोरीला राग येत न्हाई, मुक्कामाला येतो."

बाप बिरदेव आयुष्यभर मेंढरांमागं हिंडला आणि कॅनॉलचं पाणी आल्यावर यवतच्या आतल्या अंगाला माळावर वस्ती करून शेतीला लागला. थोडी मेंढरं मात्र त्यानं ठेवली. पोरगी डी.एड. झाली आणि शहाण्णव-सत्त्याण्णवच्या सुमाराला जवळच्याच बोरमळा गावच्या शाळेत तिला नोकरी लागली. तिथले मुख्याध्यापक हौसराव गुरुजी गावातले बडे बागायतदार. भाऊ साखर कारखान्यात संचालक. शाळा म्हणजे त्यांना आपलाच मळा वाटायचा. कुणाच्या पोराला पहिल्या बाकावर बसवायचं आणि कुणाच्या पोराला दाराशी, हे ते आडनाव विचारून ठरवत.

दौंडला आनंददायी शिक्षणाचं प्रशिक्षण झालं, त्याला म्हाळसा गेली आणि येताना डोक्यात वेगळंच घेऊन आली. तिसरीचा वर्ग तिच्याकडं होता. तिनं बाकं भिंतीला लावली आणि वर्गाचे कोपरे पाडले. एका कोपऱ्यात करवंट्यांचा तराजू आणि चिंचोके. दुसऱ्यात वाळूचं ताट, बोटानं अक्षरं गिरवायला. तिसऱ्यात हायवेवरच्या ढाब्यांवरून गोळा केलेली सोड्याच्या बाटल्यांची बुचं, हिशेबाला. चौथ्यात बापानं कातरलेली लोकर. पोरं ती वळून दोरा काढायची आणि त्यानं खिडकी, दार, एकमेकांची उंची मोजायची. बाईंनी घंटी वाजवली की गट पुढच्या कोपऱ्यात. शेजारच्या वर्गावरच्या सविताबाई वयानं लहान, नोकरीतही नव्या. त्या मधल्या सुट्टीत येऊन स्वतःच चिंचोके मोजत बसायच्या.

मग एकदा तालुक्याहून साहेब येणार असा निरोप आला. गुरुजी सकाळीच वर्गात शिरले. तराजू, वाळू, बुचं, लोकर, सगळं शिपायाकडून गोळा करून घेतलं आणि अंगणात ढीग लावून पेटवून दिलं. पोरं व्हरांड्यात उभी होती. जळत्या लोकरीचा वास सगळ्या शाळेत भरला.

"गुरुजी, अवो साहेबांना दाखवायलाच ठेवलं होतं," म्हाळसा म्हणाली.

"वर्ग हाय का मेंढरांचा वाडा?" गुरुजी पोरांकडं बघत हसले. "मेंढक्याच्या पोरीला वर्ग दिला की असंच व्हायचं."

काही पोरंही हसली. म्हाळसाला त्यांचा राग आला नाही. त्यांना हसायला शिकवणारा समोरच उभा होता. तिनं बाकं ओढून पुन्हा रांगेत लावली, फळ्यावर तारीख घातली आणि त्याच क्षणी मनाशी ठरवलं, की ह्या माणसाची शाळा मी रिकामी करणार.

दोन हजार सालानंतर बिरदेवाच्या माळवस्तीवर चौथीपर्यंतची नवी शाळा मंजूर झाली. एक खोली, एक शिक्षक. तिथं जायला कुणी तयार नव्हतं. म्हाळसानं मागून घेतली. गुरुजी खूश झाले. "आपल्या जागी गेली," असं ते चारचौघांत म्हणाले, आणि ते तिच्या कानावर आलं.

एका खोलीत चार इयत्ता म्हणजे कोपऱ्यांशिवाय गत्यंतरच नव्हतं, पण म्हाळसा फक्त तेवढ्यावर थांबली नाही. पोरं घरी जाऊन कशाबद्दल बोलतील, याचाच विचार ती करी. फुटक्या लाउडस्पीकरचं लोहचुंबक आणून तिनं चुंबकाचा कोपरा केला. भिंग आणून मुंग्या आणि ज्वारीचे दाणे बघायचा कोपरा केला. पाण्याच्या टाकीत काय बुडतं, काय तरंगतं, ते पोरं आधी सांगायची आणि मग टाकून बघायची. खऱ्या मेथीचं, खऱ्या वांग्यांचं दुकान मांडून तिनं बायकांना गिऱ्हाईक म्हणून बोलावलं. मुद्दाम बोरमळ्याच्या बायकांना. हळदीकुंकवाला ती गावात जायची आणि नुसतं म्हणायची, "पोराला घेऊन या की एकदा बघायला."

बायका आल्या. पोरं परत जायला तयार होईनात. आधी एक-दोन दाखले बोरमळ्यातून माळवस्तीला हलले, मग घराघरातून हलायला लागले. एकेका दाखल्याबरोबर म्हाळसाला गोड घास खाल्ल्यागत वाटायचं. पोरं शिकत होती, हे खरंच. पण संध्याकाळी खोलीला कुलूप लावताना तिच्या डोळ्यांपुढं पोरं नसायची, गुरुजींचा ओस पडत चाललेला व्हरांडा असायचा.

पट घटला तसं बोरमळ्याच्या शाळेतलं एक पद कमी झालं. म्हाळसाला वाटलं, आता गुरुजींची खुर्ची हलली. पण कमी झालं ते सर्वांत नव्या बाईंचं पद. सविताबाईंची बदली झाली शिरूर तालुक्याच्या पार दुसऱ्या टोकाला. नवरा कुरकुंभच्या कंपनीत शिफ्टला, पदरात तान्हं पोर.

सविताबाई माळवस्तीवर आल्या. दारातच थांबल्या.

"ताई, भांडण तुमचं आन् गुरुजींचं व्हतं. मी काय केलं व्हतं तुमचं?"

"तुला काही व्हावं असं माझ्या मनात नव्हतं गं."

"मनात नव्हतं, पण झालं न्हवं? आता तरी थांबणार का?"

म्हाळसाला खोटं बोलता आलं असतं. ती वळून टाकीतल्या वस्तू काढायला लागली. सविताबाईंना उत्तर कळलं. पाणीही न पिता त्या निघून गेल्या.

आणि म्हाळसा थांबली नाहीच. पुढच्या जूनमध्ये गुरुजींची सून सुषमा आपल्या हर्षदाचं बोट धरून आली. "मामंजींना सांगितलेलं न्हाई," ती म्हणाली. "पण पोरगी रोज रडती, तिकडंच जायचं म्हणती." म्हाळसानं हर्षदाचं नाव ठळक अक्षरात पटावर घातलं.

आठवड्याच्या आत गुरुजी आले. भर दुपार, टोपी घामानं भिजलेली. थेट आत पाऊल टाकणार, तोच म्हाळसा दारात आडवी झाली.

"गुरुजी, वर्ग चालू हाय. बाहेर थांबा."

"माझी नात हाय ती."

"व्हय. कोपऱ्यात काम करतीय. घंटी झाली की बोला."

हौसराव गुरुजी मेंढक्याच्या पोरीच्या दाराबाहेर उन्हात उभे राहिले. म्हाळसानं घंटी मुद्दाम उशिरा वाजवली. आत पोरं पाण्यात वस्तू टाकत होती, ओरडत होती. त्यांना दाराकडं बघायला सवड नव्हती. घंटी झाल्यावर गुरुजींनी हाक मारली.

"हर्षदा, चल घरी."

"थांबा की आजोबा! दगड बुडतो का खराटा, ते बघायचंय अजून," ती म्हणाली आणि पाठमोरी झाली.

"न्या तुम्ही तिला," म्हाळसा हळूच म्हणाली. "फक्त कशापायी नेताय, ते ह्या पोरांना सांगा. तुम्हाला पोरांसमोर बोलायची सवय हाय."

गुरुजींनी टोपी काढून घाम पुसला. ते वळले आणि बांधाबांधानं निघून गेले. म्हाळसा ते दिसेनासे होईपर्यंत बघत राहिली. इतकं सुख तिला नोकरी लागली तेव्हाही झालं नव्हतं.

वर्षभरानं गुरुजी निवृत्त झाले, तेव्हा त्यांच्या शाळेत पहिलीला दोन-तीनच पोरं उरली होती. निरोप समारंभाला म्हाळसाला बोलावणं नव्हतं. ती गेली, पहिल्या रांगेत बसली आणि शेवटचा हार पडेपर्यंत हलली नाही.

त्यानंतर एका सकाळी चौफुल्याच्या एसटी थांब्यावर तिला सविताबाई दिसल्या. कडेवर पोर, खांद्याला पिशवी, शिरूरच्या एसटीची वाट बघत. म्हाळसा रस्ता ओलांडून जवळ गेली. कितीतरी बोलायचं होतं. तिची बदली परत इकडं व्हावी म्हणून आपण साहेबांकडं दोनदा गेलो, त्यांनी ऐकलं नाही, तेही सांगायचं होतं.

"सविता," तिनं हाक मारली.

सविताबाईंनी एकदा तिच्याकडं पाहिलं. एसटी आली. त्यांनी पोराला आधी कंडक्टरच्या हातात दिलं, मग स्वतः चढल्या आणि पलीकडच्या खिडकीशी जाऊन बसल्या.

गाडी गेली. गुरुजींच्या बाबतीत केलं त्याचा तिला त्या दिवशीही पश्चात्ताप झाला नाही. मग ती शाळेला उशीर होईल म्हणून माळाच्या वाटेला लागली.