दोन तारे आणि दोन डाव्या बाह्या

“अहो वहिनी, दोन तर लोक भांडण झालेल्या हॉटेलाला बी देत न्हाईत!”

सत्यशीला केजहून जीपमध्ये दाटीवाटीनं बसून लिंबागणेशला आली होती. हातात पाण्याचा तांब्या यायच्या आतच तिनं तोंड सोडलं होतं.

“पाचातले दोन दिले. शून्य तर न्हाई ना दिलं,” छबुबाई म्हणाली. तिचं भाकरी थापणं थांबलं नव्हतं.

“पण कुणाला दिले? हुणाऱ्या सुनेला!”

“सुनेला न्हाई. कोर्सला.”

“ऐका!” सत्यशीलानं भावाकडं हात केला. “दादा, ऐका तुमच्या मंडळीचं.”

सुंदरराव ओसरीवर सुपारी कातरत बसले होते. ते ऐकत होतेच. त्यांच्या घरात ऐकण्यावाचून दुसरा उपाय नसे.

सत्यशीला म्हणजे त्यांची धाकटी बहीण, केजला दिलेली. भाचा सुरज याच्यासाठी तिनंच केजच्या शहादेवरावांची ऋतुजा सुचवली होती. पोरगी शिकलेली, शिवणकामात हुशार. ‘घरबसल्या ब्लाऊज’ नावाचा तिचा ऑनलाइन कोर्स होता, आणि तो बघून पार पुण्याकडच्या बाया ब्लाऊज शिवत होत्या. बघाबघी झाली, पसंती झाली, फक्त सुपारी फोडायची राहिली होती. आणि काल त्या कोर्सच्या खाली दोन तारे उगवले. नाव दिसत होतं सुरजचं.

“वाचून दाखविते,” सत्यशीलानं फोन लांब धरला. “‘शिकवणारी लई झपाझप बोलती. मधी दमच घेत न्हाई. नुसतं असं करा, असं करा. ज्याला दिसत न्हाई त्यानं काय करावं. सुऱ्या वासरू बांधलं का. हाड. हाड मेल्या.’”

सुरज दारात उभा होता. तो भिंतीला टेकला.

“वासराचं मी लिहिलं न्हाई,” छबुबाई म्हणाली.

“मंग कुणी लिहिलं?”

“मी बोलले, फोननं लिहिलं. कोर्सचं कोणतं आन कुत्र्याचं कोणतं, एवढं त्याला कळू नये का?”

“शहादेव पाव्हणे मला इचारतेत, ‘हाड मेल्या’ हे कुणाला हाय! काय सांगू मी?”

“कुत्र्याला हाय म्हणून सांगायचं. खरं सांगायला लाज कशाची?”

खरं सांगायला छबुबाईला लाज कधीच वाटली नव्हती, हीच तर सगळ्या भावकीची अडचण होती. लग्नाच्या पंगतीत सगळ्या बाया “लई छान झालं” म्हणत उठत. छबुबाई आचाऱ्याला बोलावून घेई आणि वरणात हिंग आधी पडला की नंतर, ते विचारी. पंचक्रोशीतले आचारी वाढप्यांना आधीच बजावत, की छबुबाई बसलीय त्या पंगतीला बुडाचं खरवडलेलं वाढू नका. एकदा तिनं कुठल्याशा बारशात बुंदी दुसऱ्यांदा मागून घेतली, तर त्या आचाऱ्यानं पुढची पाच-सात गिऱ्हाइकं तेवढ्या एका गोष्टीवर मिळवली. शब्दानं मात्र तिनं त्यालाही “बरी हाय” एवढंच म्हटलं होतं.

तिचा उजवा डोळा लहानपणीच खळ्यावर कुसळ जाऊन निकामी झालेला. डावा अलीकडं ऑपरेशन करून घेतलेला, तरी बारीक काही दिसायचं नाही. त्यामुळं तिचं जग बरंचसं कानावर चाले. कोण आलं ते ती चपलेच्या आवाजावरून सांगे. दूध उतू जाण्याआधी ते कसं गप्प होतं, ते तिला ओट्यापासून चार हातांवरून कळे.

आता अशा बाईनं सून पसंत करायची तर कशी? बघायच्या कार्यक्रमात ऋतुजा इतर पोरींसारखीच खाली मान घालून बसली. दोनच वाक्यं बोलली, तीही पदराशी. त्या दोन वाक्यांवरून छबुबाईला काही कळलं नाही. पोहे चांगले होते, पण ते पोरीच्या काकूनं केले होते. फोडणीतला हात वेगळा कळतो. मग सत्यशीलाच्या तोंडून कोर्सचं समजलं आणि छबुबाईनं मनात म्हटलं, चला, ही पोरगी इथं तरी मोकळी बोलत असंल. सुरजनं नवा फोन घेतल्यावर जुना तिला दिला होता. त्याच्यावर त्यालाच कोर्स लावून द्यायला सांगितलं. सुरज लाजून लाल झाला, पण लावून दिला, आणि जो दूध डेअरीकडं पळाला तो पुन्हा त्या फोनकडं फिरकला नाही.

तर ती कोर्स करायला बसली होती पोरगी जोखायला. पण पिठाच्या डब्याला फोन टेकवून भाकरी थापता थापता ऐकायला लागली, आणि हळूहळू तिला त्यात गोडी वाटायला लागली. जन्मभर शिंप्यानं तिचे ब्लाऊज काखेत आवळ करून ठेवले होते. आपला आपण शिवावा, असं तिला पहिल्यांदाच वाटलं. कपाटातलं कापड काढलं, सासूच्या वेळची मशीन पुसली, तेल घातलं. आणि शिवला.

तो ब्लाऊज आता खुंटीवर टांगलेला होता. छबुबाईनं पिठाच्या हातानंच तिकडं बोट केलं.

“वन्सं, तो घाला बरं अंगात.”

“मी कावून घालू?”

“घाला तर. मंग बोला.”

सत्यशीलानं लुगड्यावरूनच एक हात घातला. डावा हात नीट गेला. उजवा घातला तर पाठीमागं चुण्या पडल्या आणि बाही खांद्यावर फुगून उभी राहिली, जणू कोणी मागून धरून ओढतंय.

“दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या हायत,” छबुबाई म्हणाली. “मुंडा, म्हंजे काखेचा गोल, पुढं खोल कापायचा, मागं उथळ, हे मला कळलं. पण दुसरी बाही कापताना कापड उलटं करायचं, हे तिनं सांगितलंच न्हाई. ती म्हणली, ‘आता ही अशी ठेवा, आन ही अशी.’ अशी म्हंजे कशी? मी म्हणले, जशी पहिली तशीच दुसरी.”

“आपल्या घरात डावं-उजवं करीत न्हाईत, म्हणून असंल,” सुंदरराव म्हणाले.

कोणी हसलं नाही. त्यांनी पुन्हा अडकित्ता उचलला. सुंदरराव ग्रामपंचायतीला दोनदा उभे राहिले होते आणि दोनदा पडले होते. माणसं कशी सांभाळावीत याचं ज्ञान त्यांच्याकडं भरपूर होतं.

“हे बघ,” ते समजुतीनं म्हणाले, “वर पाच दे. मनात दोन ठेव. मत गुप्त असतं, ते कोणी उघड टाकतं का?”

“तुमाला गुप्त मतं किती पडली ते माहीत हाय मला.”

आता सुरज पुढं आला. चांगला दूध डेअरी चालवणारा, दाढी-मिशा असलेला गडी, पण आवाज एवढासा झाला होता.

“आई, माझ्या नावानं गेलंय ते. तिला वाटंल मीच लिहिलं. माझं लगीन मोडायचं हाय का तुला?”

छबुबाईचा हात पिठातच थांबला. सगळ्या भांडणात एवढं एकच वाक्य तिला लागलं. पोराला पोरगी आवडली होती. आवाजावरून कळत होतं. न आवडलेल्या पोरीसाठी माणूस असा घोगरा होत नाही. तिलाही ती नको होती असं नाही. फक्त ती एवढी झपाझप बोलणारी पोरगी घरात आली, तर आपल्या कानाला तिचं कधी काही कळंल का, अशी एक भीती तिच्या मनात बसली होती, आणि ही भीती तिनं कुणाला सांगितली नव्हती. ताऱ्यांमध्ये मात्र ती उतरली होती.

“मोडायचं न्हाई,” ती म्हणाली. “पण खोटं पाच देऊन सोयरीक जुळती का? उद्या ती मला ‘आई, भाजी कशी झाली’ म्हणून इचारील, तवा बी पाच देऊ का?”

इतक्यात सत्यशीलाच्या हातातला फोन वाजला. तिनं बघितलं आणि तिचा चेहरा पडला.

“तीच हाय.”

“स्पीकरवर टाक,” सुंदरराव म्हणाले.

“आत्या, नमस्कार,” फोनमधून आवाज आला. “ज्यांनी लिहिलंय त्यांना द्या ना जरा.”

“अगं, सुरजनं चुकून…” सत्यशीलानं सारवासारव सुरू केली.

“सुरजनं न्हाई लिहिलं. कुणी स्वतःलाच ‘सुऱ्या वासरू बांधलं का’ म्हणतं व्हय? काकूंनी लिहिलंय. त्यांना द्या.”

सुरजनं डोळे मिटले. छबुबाईनं मान वाकडी करून कान फोनकडं नेला. तिच्या कपाळावर आठी आली होती.

“ही कोण बोलायलीय?”

“काकू, मी ऋतुजा.”

“तू न्हाईस. कोर्समधली ऋतुजा मला चांगली माहीत हाय. ती इतकी सावकाश बोलत न्हाई. ती बोलती म्हंजे फुटाणे फुटल्यागत बोलती.”

मग ऋतुजानं विचारलं, “काकू, तुमच्या फोनवर जरा लावता का कोर्स? मला ऐकवा.”

डब्याला टेकलेला फोन छबुबाईनं सुरू केला. त्यातून एक किनरी, घाईघाईची बाई एका दमात छाती-कंबर-खांदा-मुंडा म्हणून पुढं गेली.

“हे दुप्पट वेगानं चाललंय,” ऋतुजा म्हणाली.

सगळ्यांनी सुरजकडं बघितलं. पोलीस भरतीच्या वेळी त्यानं याच अ‍ॅपवर सामान्य ज्ञानाचे क्लास ऐकले होते. अभ्यास लवकर उरकावा म्हणून वेग दुप्पट केलेला, तो तसाच राहिला. भरती काही झाली नाही, पण वेग राहिला.

“बे सुऱ्या,” सुंदरराव म्हणाले, “रोज घरात वाजतंय ते, तुला ऐकू येत नव्हतं?”

“मला वाटलं आई जाहिराती ऐकतीय.”

आता मात्र सत्यशीला हसली, फोनमधली ऋतुजाही हसली. छबुबाई हसली नाही. पण तिच्या छातीवरचा एक धोंडा हलला, तो तिचा तिलाच कळला. पोरगी सावकाश बोलते. मध्ये दम घेते.

“बरं. झपाझपचं मागं घेते,” ती म्हणाली. “पण ‘असं’चं न्हाई घेत.”

“काकू, व्हिडिओत दिसतं की ते.” ऋतुजाचा आवाज जरा ताठ झाला. “मी हातानं दाखविते सगळं.”

“दिसतं, ज्याला दिसतं त्याला. मला एक डोळा, आन तो बी उसनवारीचा. आन ज्यांचे दोन्ही धड हायत त्या बाया काय तुझ्याकडं बघत बसत्यात? एकीच्या हातात पीठ, एकीच्या कडंवर लेकरू. तू डोळे मिट आन बाहीचा तुझाच धडा ऐक. मंग बोल.”

“ऐकते,” ऋतुजा म्हणाली आणि फोन ठेवला.

“रागावली,” सुरज म्हणाला.

“संपलं,” सत्यशीला म्हणाली. “मी आता केजात तोंड दाखवू नये.”

चहा झाला. सुंदररावांनी इतकी सुपारी कातरली, की तेवढ्यात चार सोयरिकी झाल्या असत्या. सुरज वासरू बांधलेलं असताना दोनदा बांधायला गेला. छबुबाईनं उरलेल्या पिठाची बारकी भाकरी केली आणि ती जरा करपली. तिच्या हातून भाकरी करपल्याचं सुंदररावांच्या तरी आठवणीत नव्हतं.

फोन पुन्हा वाजला.

“काकू,” ऋतुजा म्हणाली, “ऐकलं. डोळे मिटून. एका धड्यात मी काय ‘असं असं’ केलंय! मलाच कळंना बाही कुठं गेली. कापड उलटं करायचं बोलायचंच राहिलंय. हाताला सवय हाय, तोंडाला न्हाई.”

सुरजनं श्वास सोडला. छबुबाईनं सगळ्यांकडं विजयानं बघितलं. पण पलीकडचं बोलणं संपलं नव्हतं.

“आता मी एक इचारू? मागं आत्यांनी मला तुमचा आवाज पाठवलता. येसराच्या आमटीचा.”

सत्यशीला एकदम पदर चाचपायला लागली. पोरीला सासरची ही भाजल्या पिठाची आमटी शिकायची होती, म्हणून वहिनीनं कधीतरी तिला पाठवलेला तो निरोप तिनंच पुढं धाडला होता.

“ऐकविते,” ऋतुजा म्हणाली.

आणि फोनमधून छबुबाईचाच आवाज ओट्यावर आला: “येसर एवढं घ्यायचं. पाण्यात असं कालवायचं. फोडणी अशी झाली का मंग हे असं सोडायचं, आन असं करीत ऱ्हायचं. रंग असा आला का उतरवायचं.”

“मी केली तशी,” ऋतुजा म्हणाली. “आमटी न्हाई झाली, खळ झाली. बाबा म्हणले, भिंतीला कागद चिकटवायला ठेव. तुमाला किती स्टार देऊ काकू?”

सुंदरराव इतके हसले की त्यांना ठसका लागला. सत्यशीलानं तोंडात पदर कोंबला. सुरज आईकडं बघत होता, जरा भीतच. या घरात छबुबाईच्या आमटीला कोणी कधी मार्क दिले नव्हते.

ओठ मिटून, मान वाकडी करून, पंगतीत पहिला घास घेतल्यावर थांबायची तशी छबुबाई थांबली होती. मनातल्या मनात तिनं पुन्हा येसर कालवून बघितलं. एवढं म्हणजे किती? आपण मूठ म्हणालोच नाही. आधी गार पाण्यात, हेही म्हणालो नाही.

“एक दे,” ती शेवटी म्हणाली. “आवाज स्पष्ट हाय म्हणून.”

“मी दोन देते,” ऋतुजा म्हणाली. “तुमी मला दिले तेवढेच.”

“बरी हायस,” छबुबाई म्हणाली.

सत्यशीलानं दचकून वर बघितलं. बुंदीनंतर एवढ्या वर्षांत हा शब्द आज पहिल्यांदाच निघाला होता.

छबुबाईनं फोन बंद करायला सांगितला. हात धुतले, पदराला पुसले. खुंटीवरचा दोन डाव्या बाह्यांचा ब्लाऊज काढला, त्याची घडी घातली आणि सत्यशीलाच्या पिशवीत टाकला.

“हा तिला द्या. म्हणावं, पुढच्या येळी शिकविताना समोर ठेव.” मग ती घरातल्यांकडं वळली. “ताटं घ्या. सुऱ्या, झपाझपचं खोड आन कुत्र्याचं खोड. बाकीचं राहू दे. तीन स्टार कर. चौथा, बाहीचा धडा नीट झाल्यावर. पाचवा मी कुणाला देत नसते.”

“आन सुपारीचं?” सुंदररावांनी विचारलं.

“रविवारी केजला जायचं. सुपारी फोडायची. आमटी तिथं मी करणार, आन ती डोळे मिटून ऐकणार. जीप सांगून ठेवा.”