दाबलेला पापड

आमच्या पेणच्या रामवाडीतल्या गच्चीवर आज पोह्याचे पापड वाळत घातले आहेत. जुन्या सुती साडीवर मांडलेले, ऊन लागताच कडा किंचित उचलणारे. हिंगाचा आणि पापडखाराचा वास जिन्यावरून थेट माझ्या खाटेपर्यंत येतो आणि मला माझंच हसू येतं. यातला एकही पापड मी पहिल्यापासून लाटलेला नाही. सगळे मशीनमध्ये दाबलेले. काही वर्षांपूर्वी असं कोणी सुचवलं असतं, तर मी त्याच्याशी बोलणं सोडलं असतं. एकीशी तसं सोडलंही होतं.

ती माझी पेणची शेजारीण. लेकीबरोबर रोह्याला राहायला गेली, तरी दर चैत्रात एक दिवस तिच्या पिठाचा, एक माझ्या. समोरासमोर दोन पोळपाट, मध्ये तेलाची वाटी. पहिल्या चार लाट्या लाटायच्या नाहीत, तेलात बुडवून कच्च्याच खायच्या, हा आमचा नियम. मग दुपारभर बांगड्यांचा आवाज आणि ओळखीतल्या प्रत्येकाची निंदा. मी भराभर लाटायची, ती हळू. त्याचा मला माज होता, खोटं कशाला बोलू? एका चैत्रात तिने लेकीने आणलेलं पापड दाबायचं मशीन पुढे ठेवलं. दोन गोल पत्रे आणि एक दांडा. मी चार बायकांसमोर म्हटलं, "याला हात लागत नाय, मग मला कशाला बोलावलंस?" लाटणं पिशवीत घातलं आणि निघून आले. दोन वर्षं गेले नाही. घरी एकटीच लाटायची आणि एकटीच त्या पापडांची तारीफ करायची.

तिसऱ्या चैत्रात सुनेने पीठ कुटून दिलं आणि ती कंपनीत शिफ्टला गेली. मी लाटायला बसले तर उजवा अंगठा वळेना. वर्षभर कुरकुरत होता, मी दाद दिली नव्हती. पहिलीच लाटी अर्धवट राहिली. हे पीठ संध्याकाळपर्यंत आवळतं, मग कोणाच्याच हाताने लाटलं जात नाही. मी डबा ओल्या फडक्यात बांधला आणि रोह्याची गाडी धरली. कासू गेलं, नागोठणं गेलं. डब्यावर हात ठेवून मी एकच विचार करत होते, तिने दार लावून घेतलं तर? पीठ काय, पुन्हा भिजवता येतं.

तिने दार उघडलं. माझ्याकडे न बघता डब्याचं झाकण काढून पिठाला बोट लावलं.

"सुकत आलंय गो. उभी काय? तेल घे."

"मी मशीनला हात लावणार नाय."

"नको लावू. अंगठा का धरून ठेवलायस?"

दाखवला. तिने मला बसवलं आणि स्वतः मशीन पुढे ओढलं.

पण नुसतं बसणं मला जमत नाही. शेवटी मीच दांडा धरला. पत्र्याला तेल चोपडलं, लाटी ठेवली, दाबली. पापड दोन्ही पत्र्यांना असा चिकटला की सुरीने खरवडावा लागला. ती हसून हसून भिंतीला टेकली. "मशीन हाय गो, पोळपाट नाय! दुधाच्या पिशव्या काय शोभेला कापून ठेवल्यात?" पिशवीच्या दोन तुकड्यांमध्ये लाटी ठेवली तेव्हा पापड अलगद सुटला. पण मधे जाड. मी लगेच नाव ठेवलं.

"मग तू कशाला हायस?" म्हणाली आणि माझा जुना पोळपाट पुढे सरकवला.

तेव्हापासून ती दाबते, मी वरून लाटण्याचे दोन हलके हात फिरवते. त्याला अंगठा लागत नाही. मशीनचा मला राग नव्हताच. माझ्यावाचून तिचं भागेल, याचा होता. हे कळायला अंगठा जावा लागला.

आता माझं लाटणं मधोमध झिजलं आहे आणि मशीनचा दांडा तिच्या मुठीएवढ्या जागेत गुळगुळीत झाला आहे. आम्ही दोघीही काही नव्या होणार नाही. काल ती पेणला आली, कच्च्या लाट्या चारच्या जागी सहा खाल्ल्या. आत्ता गच्चीवरून ओरडते आहे, "वर ये गो, कडा उचलल्या, उलटायचे हायत." गुडघे नको म्हणतात. जाते.